ताळा

आई शाळेत गणित शिकवायची. घशाच्या ऑपरेशनमध्ये तिचा आवाज जाणार हे कळल्यावर आम्ही तो आधीच रेकॉर्ड करून एका कंपनीकडे दिला होता. आज त्याची फाइल आली. ती टॅबमध्ये टाकली की आई जे टाइप करील ते तिच्याच आवाजात ऐकू येणार होतं.

फाइल डाउनलोड झाल्यावर मी तिचा हॅश काढला. फाइल धड आली की नाही हे ताडून बघायची ती अक्षरं-आकड्यांची लांबलचक ओळ कंपनीने पाठवलेल्या ओळीशी जुळेना.

"टाक गं तशीच," दादा वैतागला. "आई वर्षभर मुकी बसलीय आणि तुझा आपला काथ्याकूट!"

"जुळत नाही म्हणजे फाइल बिघडलीय. आईला मोडकातोडका आवाज नकोय."

आई आमचं भांडण ऐकत होती.

मी फाइल डिलीट करून पुन्हा डाउनलोड केली. पुन्हा हॅश काढला. या वेळी अक्षर न् अक्षर जुळलं! फाइल टाकून मी टॅब आईच्या मांडीवर ठेवला. दादा तिच्या पायाशीच बसला.

"आई, बोल ना. काहीही बोल."

आईने एका बोटाने बराच वेळ टाइप केलं. मग ज्या आवाजाने वर्गच्या वर्ग चळचळा कापायचे, तोच खणखणीत आवाज खोलीभर घुमला,

"गधड्या, ताळा केल्याशिवाय गणित सुटलं म्हणू नये, हे तुला अजून किती वेळा सांगायचं?"