लाल कुलूप

शेडला कुलूप आल्सीदने स्वतःच्या हातांनी लावलं, आणि दोनदा ओढून पाहिलं.

"या गावात पुस्तकं कोण चोरणार म्हणा," तो म्हणाला. "पण तुझ्या त्या नवऱ्याचा नेम नाही. गाडी घेऊन येईल, सगळी उचलून नेईल, आणि वर गादी टाकून झोपेल. वाचणार तर नाहीच."

ओदेत हसली. घटस्फोटानंतर आठ महिन्यांत बहुधा पहिल्यांदाच. तिने धोबीखान्यावरची एक खोली भाड्याने घेतली होती. खोलीत फक्त पलंग मावत होता. बाकी सगळं, पुस्तकं आणि कपड्यांच्या पेट्यांसकट, मागच्या अंगणातल्या या शेडमध्ये गेलं होतं.

"पापा, हे कारखान्याचं कुलूप आहे ना? उद्या लागेल तुम्हाला."

"सोमवारी आम्ही नुसते ओंडके ढकलतो. मंगळवारी दे." त्याने किल्ली तिच्या कोटाच्या खिशात टाकली. "आणि तुझ्या आईला सांगू नकोस. नियम मोडला म्हणून मला चर्चमध्ये उभा करील."

कागद कारखान्यात प्रत्येकाला एक लाल कुलूप मिळे. त्यावर त्याचं नाव कोरलेलं असे. यंत्रात उतरण्याआधी ते विजेच्या खटक्याला लावायचं आणि किल्ली खिशात ठेवायची, म्हणजे आत माणूस असताना कोणी यंत्र सुरू करू शकत नसे. कुलूप घरी न्यायला बंदी होती. तरी गावातल्या निम्म्या खुराड्यांवर आणि गोठलेल्या तळ्यावरच्या मासेमारीच्या खोपट्यांवर लाल कुलपं दिसत. इतकं चांगलं कुलूप अमेरिकेच्या या मेन राज्यात विकत मिळत नाही, असं लोक म्हणत.

सोमवारी सकाळी सालं काढायच्या फिरत्या पिंपात ओंडका अडकला. आल्सीद तो काढायला आत उतरला. बाहेर कोणीतरी खटका दाबला.

कारखान्याच्या विमा कंपनीच्या वकिलाचे प्रश्न फेब्रुवारीत आले. एकतीस प्रश्न, सगळे इंग्रजीत, आल्सीदच्या बायकोच्या, रोलांदच्या नावाने. प्रत्येकाचं उत्तर लेखी द्यायचं आणि शपथेवर सही करायची. रोलांद आयुष्यभर फ्रेंच बोलली होती. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ओदेत वाचून सांगत होती आणि लिहीत होती. रोलांद शेगडीपाशी उभी राहून कुट्टूच्या पिठाची घावनं घालत होती. खाणारं कोणी नसलं तरी ती बाराच घालायची.

"मृत व्यक्ती मद्यपान करीत होती काय?"

"लिही, नाताळला एक पेला. त्यातला अर्धा मी प्यायचे."

"मृत व्यक्तीने यापूर्वी सुरक्षेचे नियम मोडले होते काय?"

रोलांदने उलथणं खाली ठेवलं. "एकतीस वर्षं, ओदेत. एकतीस वर्षांत कुलूप लावल्याशिवाय त्याने बोटसुद्धा आत घातलं नाही. आणि हे म्हणतात, आळस केला. जाणूनबुजून केला."

त्या 'जाणूनबुजून'वरच सगळं अडलं होतं. ते सिद्ध झालं, तर विधवेला काही मिळणार नव्हतं. घरही ठेवता येणार नव्हतं. मुकादम लेविटने शपथेवर सांगितलं होतं, की आल्सीदने माझ्याकडे जादा कुलूप मागितलंच नाही. रोलांदचा वकील म्हणाला होता, "त्याने मागितलं आणि मुकादमाने दिलं नाही, एवढं सांगणारा एक माणूस आणा. फक्त एक."

रोलांद त्या पाळीच्या अकराही जणांच्या घरी जाऊन आली होती. "अकरा कप कॉफी प्याले," ती म्हणाली. "सगळ्यांनी केक दिला. सगळे माझ्या बुटांकडे बघत होते." मग तिची नजर मुलीवर गेली. "आणि तू हा एकच स्वेटर किती दिवस घालणार आहेस? नाताळापासून बघतेय. भिकाऱ्यालासुद्धा दोन असतात."

"उबदार आहे."

"कोपरं फाटलीत. बाकीचे कपडे कुठे गेले?"

ओदेतने पान उलटलं. "प्रश्न बावीस. अपघाताच्या दिवशी मृत व्यक्ती कामाच्या साधनांविषयी कोणाशी बोलली काय? बोलली असल्यास दोघांचेही नेमके शब्द लिहा."

"लिही, कोणाशीही नाही. पाचला निघाला. मी झोपेत होते. कोणाशी बोलणार तो?"

ओदेतने पेन टेकवलं. काही लिहिलं नाही.

"लिही की. उद्या दहाला सही करायची आहे मला. बायबलवर हात ठेवून."

शेगडीवर घावन करपायला लागलं. रोलांदचं लक्ष नव्हतं. ती मुलीच्या हाताकडे बघत होती. तो हात स्वेटरच्या खिशात गेला आणि बाहेर आला. ओदेतने टेबलावर काकवीच्या बरणीशेजारी एक लहानशी पितळी किल्ली ठेवली.

"माझ्याशी बोलले, ममा. सव्वासहाला. कारखान्यातल्या भिंतीवरच्या फोनवरून. म्हणाले, 'ओंडका अडकलाय. लेविटकडे कुलूप मागितलं. तो म्हणतो, नाहीये, असाच उतर. पोरी, दहा मिनिटांत माझं आणून देतेस का?'"

रोलांद सावकाश खुर्चीवर बसली. तिच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला. खरोखरचा आनंद. "मागितलं होतं त्याने," ती म्हणाली. "मी म्हणत नव्हते? मागितलं होतं! लिही, लिही ते." मग तिने किल्ली उचलली, उलटीसुलटी करून पाहिली, आणि हळूच विचारलं, "तू काय म्हणालीस?"

ओदेत कागदावर वाकली. प्रश्नाने नेमके शब्द मागितले होते. तिने ते लिहिले, आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हटले.

"मी म्हणाले, 'पापा, बाहेर गारा पडतायत. एक दिवस कुलूप नसलं तर मरत नाही कोणी.'"