खाणकामगाराचा मुलगा

"माझे वडील तीस वर्षं खाणीत खपले," असं म्हणून टॉर्स्टेन ब्रोमान यांनी सवयीने आवाज दाटून आणला. याच वाक्याच्या जोरावर ते सोशल डेमोक्रॅट पक्षात वर चढले होते, संसदेत गेले होते आणि स्वीडनचे आरोग्यमंत्रीही झाले होते. आज उत्तरेकडच्या एका खाणगावात ते फुप्फुसांचा दवाखाना का बंद करावा लागतोय, हे समजावून सांगायला आले होते.

"वडिलांचा खोकला आजही माझ्या कानांत घुमतो. या निर्णयाचं सर्वांत जास्त दुःख मलाच आहे."

मागच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ उठले. ते मंत्र्यांचे वडील यल्मार होते. लेकाचं भाषण ऐकायला दक्षिणेहून पहिल्यांदाच आले होते.

"टॉर्स्टेन, माझं बुटांचं दुकान होतं. खाणीत मी कधी पाऊलही टाकलं नाही. खोकणारी माणसं इथे माझ्या शेजारी बसलीत. त्यांचा खोकला चोरून तू मंत्री झालास, आता त्यांचा दवाखानाही नेतोस?"

"बाबा, मी ते व्यापक अर्थाने म्हणत होतो," मंत्री पुटपुटले. सभागृह इतकं हसलं की पुढचं भाषण झालंच नाही.

दवाखाना मात्र बंद झालाच. ब्रोमान यांनी राजीनामा दिला आणि पक्षाने लगेच त्यांना एका प्रांताचं राज्यपालपद देऊन टाकलं. पदग्रहण सोहळ्याचं निमंत्रण वडिलांच्या घरी आलं, तेव्हा यल्मारांची बायको कपाटातून चांगला कोट काढू लागली.

"राहू दे तो," यल्मार म्हणाले. "खाणकामगाराच्या मुलाचा सोहळा आहे. आपण त्याचे कोण?"