एकशे आठ वेळा सर्वोत्तम

निफाड रस्त्यावरच्या आपल्या मंगल कार्यालयाच्या वेबसाइटवर नाथाभाऊंनी 'नाशिकमधील सर्वोत्तम मंगल कार्यालय' हे एकाच पानावर मोजून एकशे आठ वेळा लिहून घेतलं. "अख्खी जपमाळ ओढलीय. गूगल पावणारच!" असं ते भेटेल त्याला सांगत.

लग्नसराई अर्धी सरली, तरी वेबसाइटवरून एकही तारीख बुक झाली नाही. शेवटी वेबसाइट बनवणारी हर्षाली घरी आली. "काका, मी तेव्हाच म्हटलं होतं. तेच तेच लिहिलं की गूगल पान मागे ढकलतं. त्यातले शंभर तरी काढू या."

"अगं, देव कंटाळत नाही, तर हे गूगल कोण लागून गेलं? चांगलं दोनशे सोळा वेळा टाक!"

तेवढ्यात उज्वलाकाकू चहा घेऊन आल्या. "अहो, या सगळ्यात आपला फोन नंबरच टाकायचा राहिलाय त्या पानावर. तिसऱ्यांदा सांगतेय."

नाथाभाऊ कप उचलता उचलता खेकसले,



"एकच गोष्ट सारखी सारखी सांगत जाऊ नकोस गं! माणूस ऐकायचंच बंद करतो."