बाहेरचा नळ

"हात धुवायचंसुद्धा वळण नाही पोरीला. कुणावर गेलीय कुणास ठाऊक!"

आजी बोलली स्वयंपाकघरात, पण आवाज फाटकापर्यंत पोचेल इतका लावला होता. फाटकात तिची नात सायकल लावत होती. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती.

"धुतेय ना, आजी."

"बाहेरच्या नळावर. साबण लावून. चपला तिथंच. आणि माझ्या झाडांकडे बघायचंसुद्धा नाही."

भिंगरी विषाणूंवर संशोधन करत होती. माणसांच्या नव्हे, टोमॅटोच्या. डॉक्टर होणार होती, पण सुई टोचणारी नव्हे. आजीला हा फरक कळला होता, पटला नव्हता. "आजारी झाडं आणि पुस्तकी डॉक्टरीण," असं ती शेजारणीला नाक मुरडून सांगे. सांगे मात्र रोज.

महिन्यापूर्वी आजीच्या अंगणातले, पत्र्याच्या डब्यांत लावलेले टोमॅटो बिघडले. पानांवर फिकट-गडद ठिगळं पडली, शेंडे आकसले. आजीने चौकशी वगैरे केली नाही, थेट निकाल दिला. रोग नातीने आणला. त्या दिवसापासून बाहेरचा नळ मागे लागला.

भिंगरी हात पुसत पायरीवर आली. आजी जुनी चादर टरटरा फाडत बसली होती. डॉक्टरांनी दम भरल्यापासून तिने तंबाखू सोडली होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. हाताला चाळा हवा म्हणून ती चिंध्या फाडत बसे. भिंगरीच्या कामावरची झाडं काठीला बांधायला त्या उपयोगी पडत.

"ही पिशवी ने उद्या. सुतळीने बांधून झाडांचे गळे कापतेस."

"नको आता. तिकडचीपण झाडं बिघडलीत."

आजीचे हात थांबले.

भिंगरीने सगळं सांगितलं. तिच्याकडे काचेच्या दोन खोल्या होत्या. एकीत मुद्दाम आजारी केलेली झाडं, दुसरीत निरोगी. दोन्हींची तुलना करायची, त्यावरच तिचा प्रबंध उभा होता. आता निरोगी खोलीतही ठिगळं दिसली. तिथली ही सलग दुसरी लागवड वाया गेली. प्रबंधाचे मार्गदर्शक सर सगळ्यांसमोर म्हणाले, आजारी खोलीतला रोग तूच हातांनी इकडे आणलास. निष्काळजी माणसाला मी विषाणू हाताळू देत नाही. आठवड्याभरात दुसरं कारण दाखव, नाहीतर जागा सोड.

"बघ! मी म्हणत होते तेच म्हणाला तो. शहाणा माणूस दिसतो."

"चुकतंय तुम्हा दोघांचं," भिंगरी म्हणाली. आवाज जराही हलला नाही. "सकाळी मी आधी निरोगी खोलीत जाते, मग आजारी. उलट कधीच नाही. हातमोजे दर खोलीला नवे. माझ्या हातून गेलेला नाही तो."

"मग काय पाय फुटले त्याला?"

"तेच शोधायचंय. गंमत म्हणजे सगळी नाही बिघडली. उंच वाढलेली तेवढीच. बुटकी ठणठणीत आहेत."

"उंचांना माज येतो. तुझ्या सरांनाही सांग हे."

भिंगरी हसली. मग अंगणातल्या डब्यांकडे बघत म्हणाली, "आजी, तुझ्या झाडाचं एक पान दे. तपासते."

"हात लावलास तर बघ!"

"मग तूच तोड."

आजी उठली. कात्रीने मोठंसं पान कापलं, कागदात गुंडाळलं आणि दिलं. "ने. तुझी चोरी तुझ्याच यंत्रात पकडली जाऊ दे. मग तरी खरं मानशील."

"मानेन. पण यंत्र जे सांगेल ते तूही मानायचंस."

"मी कुणाला घाबरते होय!"

त्या आठवड्यात आजीने नळाचा विषय एकदाही चुकवला नाही. नात गेली की मात्र पायरीवर बसून चिंध्यांचा ढीग वाढवत राही. सुनेने विचारलं, तिला नकोत म्हणाली ना? आजी म्हणाली, "जागा राहिली तर लागतील. माझ्या नातीला काढणारा अजून जन्मायचाय."

शनिवारी भिंगरी लवकर आली. कुणी न सांगता नळावर गेली, कोपरापर्यंत हात धुतले आणि आजीसमोर येऊन उभी राहिली.

"काय म्हणालं यंत्र?"

"निरोगी खोलीत शिरलेला रोग आजारी खोलीतला नाहीच. दिसायला तसाच, पण दुसराच विषाणू निघाला. सरांनी शब्द मागे घेतला. माझी जागा राहिली."

"मी काय म्हणत होते!" आजीने मांडीवर थाप मारली. "आणि माझ्या झाडांवरचा?"

"तुझ्या आणि माझ्या झाडांवर एकच आहे."

"म्हणजे शेवटी तूच आणलास की इकडे!"

"इकडे नाही, आजी. इथून तिकडे गेला. उंच झाडांनाच काठी लागते, म्हणून तीच बिघडली." भिंगरीने चिंध्यांची पिशवी उचलून नाकाशी धरली. मग हात पुढे केला. "डबी दे."

"कुठली डबी?"

"तंबाखूची. तिच्याच पानांतून येतो हा विषाणू. पान वाळून चुरा झालं तरी मरत नाही. सरांना तुझं नाव नाही सांगितलं मी, रोग बाहेरून आला एवढंच म्हटलं. दे."

आजी उठली, टोमॅटोच्या शेवटच्या डब्यामागे हात घातला आणि चपटी डबी काढून नातीच्या हातावर ठेवली. चपला काढल्या. बाहेरच्या नळावर गेली, साबण घेतला आणि नखांतून, बोटांमधून, कोपरापर्यंत हात चोळून धुतले.

"माझ्यावर नाही गेलीस," ती पाठमोरीच म्हणाली, "ते बरं झालं."