काजळीचा उजवा पुठ्ठा

काजळी घोडीच्या उजव्या पुठ्ठ्यावर, मागच्या मांडीच्या वर, तळवा टेकताच चिमीला कळलं, की हे नेहमीचं आखडणं नाही.

वीस वर्षं ती घोड्यांची अंगं चोळत होती. दमलेला स्नायू आधी हाताशी हुज्जत घालतो आणि मग हळूहळू सैल पडतो. हा पडत नव्हता. अंगठा जरा खोल गेला की काजळी कान मागे पाडायची, शेपूट आपटायची आणि अंगाचं सगळं वजन डाव्या पायावर घ्यायची.

“अजून किती वेळ?” दाराच्या अर्ध्या फळीवर कोपरं टेकून दादा उभा होता. ही घोडी त्यानेच शर्यतीसाठी तयार केली होती. “तिसरी शर्यत आपली आहे, चिमे. वीस मिनिटं उरलीत.”

“डॉक्टर काय म्हणाले सकाळी?”

“स्नायू धरलाय, मालिश करा म्हणाले. म्हणून तर धाकट्या बहिणीला हाक मारली. तू मोकळी कर, बाकीचं मी बघतो.”

मोकळी करता आली असती. कोपर घालून पाव तास रेटलं असतं, तर काजळी ताठ चालत बाहेर पडली असती. चिमीला भीती वाटत होती ती त्याचीच.

तिने कमरेच्या दोन्ही हाडांवर एकेक तळवा ठेवला आणि घोडीला अगदी हलकेच डोलवलं. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी उजव्या तळव्याखाली काहीतरी कुरकुरलं. कानाला नाही, फक्त हाताला. पिशवीत दोन खडे एकमेकांवर घासावेत तसं.

तिने हात काढले.

“थांबलीस का?”

“दादा, ही पळणार नाही. हाड चिरलंय आतून. स्नायूने ते आवळून धरलंय म्हणून ही उभी आहे. मी तो सोडवला तर झकास चालेल, आणि पहिल्या वळणावर मोडून पडेल.”

दादा हसला, पण नुसत्या तोंडाने. “डॉक्टरांना दिसलं नाही ते तुला दिसलं? बोटांत एक्स-रे बसवून घेतलास की काय?”

“मग काढ ना एक्स-रे.”

“काढू. शर्यतीनंतर.”

“वर कोण बसणार आहे?”

दादाने मान फिरवली. वर त्याची मुलगी बसणार होती. ती पलीकडे शर्यतीआधीचं स्वतःचं वजन द्यायला गेली होती.

“हे बघ, जमत नसेल तर तसं सांग,” तो म्हणाला. “शेजारच्या तबेल्यात दुसरा मालिशवाला आहे. तो दहा मिनिटांत करून देईल.”

करून दिलं असतं त्याने. तिने पुढे होऊन फळी उघडली.

“आत ये.”

“चिमे, उगाच वेळ काढू नकोस.”

“आत ये म्हणते ना!”

आवाज चढला तशी काजळी बिथरली. मागचा पाय उचलून तिने भिंतीवर लाथ घातली. लाकडाची ढलपी उडाली. बहीण-भाऊ दोघं भिंतीला चिकटून उभे राहिले. मग चिमी हळूहळू सरकत गेली, घोडीच्या मानेवर हात फिरवत राहिली आणि घोडीचा श्वास जरा संथ झाल्यावर तिने दादाचा तळवा धरून पुठ्ठ्यावर ठेवला.

कित्येक वर्षं त्याच्या हातात शर्यतीची वेळ मोजायचं घड्याळच असायचं. उघडा तळवा त्याने घोड्याच्या अंगावर कधी ठेवला होता, ते त्यालाही आठवलं नसतं.

चिमीने घोडीला डोलवलं.

“काही नाही,” दादा म्हणाला.

पुन्हा डोलवलं. “कुठे काय आहे? काही नाही.” त्याचा चेहरा सैलावला.

तिसऱ्या वेळी त्याने चटका बसल्यासारखा हात ओढून घेतला. मग आपणहून परत ठेवला.

“अजून एकदा कर.”

“नको. दुखतंय तिला.”

तेवढ्यात भाची आली. अंगात शर्यतीचा पिवळा सदरा, हातावर जीन. “बाबा, चला ना, बाकीचे निघालेसुद्धा! आत्या, सुटली का गं हिची कंबर?”



“जीन खाली ठेव,” दादा म्हणाला.

“का? अहो, मी वजन देऊन आले!”

“ठेव म्हणतो ना.” त्याने फोन काढला. आधी कुणाला तरी सांगितलं, काजळीचं नाव मागे घ्या. मग डॉक्टरांना म्हणाला, एक्स-रेचं मशीन घेऊन लगेच या. आवाज त्याचा वाटत नव्हता.

“सकाळी तुम्हीच म्हणालात, काही झालेलं नाही म्हणून!” भाचीचे डोळे भरून आले. “दोन वर्षं मी हिच्यामागे काढलीत, बाबा!”

दादाने फोन खिशात टाकला.

बाहेर तिसऱ्या शर्यतीची घंटा झाली. तबेल्यामागच्या वळणावरून टापा येऊ लागल्या आणि पायाखालची जमीन थरथरली. काजळीने मान वर केली. नाकपुड्या फुलल्या, पुढचे पाय जागच्या जागी नाचू लागले, अंग हळूहळू उजवीकडे कललं.

“धरा!” चिमी ओरडली आणि तिने तोंडाजवळची दोरी पकडली. भाची जीन ओलांडून धावली, तिने मानेला मिठी मारली. दादाने घोडीच्या उजव्या कुशीला खांदा लावला आणि सगळा जीव एकवटून तिला डाव्या पायावर रेटून धरलं.

टापा जवळ आल्या, अगदी भिंतीपलीकडून गेल्या. लांब कुठेतरी लोक ओरडले. मग सगळं शांत झालं.

दादाने खांदा काढला नाही.

“गेले ना गं सगळे घोडे?” त्याने डोळे मिटूनच विचारलं.