बादलीमागचा मोजा

"मला सगळ्यात आवडला तो संडासातला म्हातारा!" माईकवर आलेला दातांचा डॉक्टर म्हणाला, आणि वाचनालयाचा हॉल हसून गडबडा लोळायचाच काय तो बाकी राहिला.

लेखकाची बायको पहिल्या रांगेत आईशेजारी बसली होती. सवयीने तीही हसली. नवऱ्याच्या कादंबऱ्यांतला डिटेक्टिव्ह भुंगा तोंडाचा फटकळ, आणि लोक त्या फटकळपणावरच फिदा. दर वर्षी नवं पुस्तक, दर पुस्तकाला वाचकांचा असा मेळावा. हे पुस्तक मात्र तिने अजून वाचलं नव्हतं. एरवी हस्तलिखित आधी तिच्या हातात पडायचं; या खेपेला तो म्हणाला होता, "छापून आल्यावरच वाच." आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या धावपळीत तिलाही ते बरंच वाटलं होतं.

तोवर बोललेल्यांनी नेहमीचंच कौतुक केलं होतं. निवृत्त बँक मॅनेजरला पुस्तक खाली ठेववत नव्हतं. कॉलेजातल्या एका मुलीला भुंग्याचे सगळे टोमणे तोंडपाठ होते. डॉक्टरने मात्र थेट उताराच वाचायला घेतला.

म्हातारा कमोडवर बसल्या बसल्याच खलास झालेला. मान भिंतीला टेकलेली. कवळी खिशात, शर्टाचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं, एका पायात पिवळा मोजा, दुसरा पाय उघडा. भुंगा दारात उभा राहून नाकाला रुमाल लावतो आणि म्हणतो...

"खुनी कोण ते मागाहून बघू, आधी साखळी ओढा!" सगळा हॉल एका सुरात ओरडला.

ती हसायची थांबली. खिशातली कवळी, गळ्यापर्यंतचं बटण. हे तर तिचे बाबा होते.

बाबा बटण लावल्याशिवाय दूधवाल्यासमोरही जायचे नाहीत. ते गेले त्या सकाळी आई मावशीकडे गेली होती. तिने आणि नवऱ्याने मिळून बाबांना संडासातून उचललं, धुतलं, पुसलं, कपडे बदलून पलंगावर निजवलं. आईला सांगितलं, झोपेतच गेले. "हे आपल्या दोघांतच राहील," नवरा म्हणाला होता. तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. शी! पाणी कसलं, मेला बघून ठेवत होता.

तिने व्यासपीठाकडे पाहिलं. तो हनुवटीवर हात ठेवून, कौतुकाने संकोचल्यासारखा हसत होता. सगळीकडे बघत होता, फक्त पहिल्या रांगेकडे नाही.

मग एक मास्तर उठले. "माझी एक तक्रार आहे," ते म्हणाले. "प्रेताचा भाग फार लवकर आटोपला हो. अजून दोन पानं चालली असती!"

पुन्हा हशा. आता तिला त्या सगळ्यांचे दात दिसत होते. त्यांना काय माहीत, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही. आईला कळू नये, एवढंच आता हातात होतं.

"आई, घरी जाऊ या. तुझ्या डोळ्यांना त्रास होईल."

"थांब."

"अगं, पण..."

"थांब म्हटलं ना."

आईच्या डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा चष्मा होता; आत काय चाललंय ते दिसायला मार्ग नव्हता. भुंग्याची आधीची सगळी पुस्तकं आईने वाचली होती. निम्म्या पुस्तकातच ती जावयाला फोन करायची, "जावईबापू, खुनी तो माळीच ना?" आणि जावयाचा दिवसभर पापड मोडलेला असायचा. तिच्या नजरेतून काही निसटत नसे.

आईने हात वर केला. माईक तिच्याकडे आला.

"पुस्तकात एक चूक आहे," ती म्हणाली. आवाज रोजचाच.

हॉल खुलला. सासू जावयाची चूक काढणार! लेखकाने दोन्ही हातांनी कान पकडल्याचं नाटक केलं.

"मोजा पिवळा नव्हता. राखाडी होता, मीच विणलेला. जोडीतला एक दोरीवर वाळत होता, दुसरा मला न्हाणीघरात बादलीमागे सापडला. झोपेत गेलेल्या माणसाचा मोजा तिथे कसा गेला, ते मला इतके दिवस उमगत नव्हतं. आज उमगलं."

क्षणभर कोणालाच काही कळलं नाही. मग कोणीतरी "वा!" म्हणालं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. "घरातच दुसरा भुंगा आहे म्हणायचा!" सूत्रसंचालक ओरडला. लेखकाचे हात कानांवरच राहिले होते. हसूही तोंडावर तसंच राहिलं होतं.

आईने माईक परत दिला. टाळ्या चालूच होत्या. ती मुलीच्या कानाशी झुकली.

"दोघांनी उचललंत?"

"हो."

"आंघोळ कोणी घातली?"

"मी. ह्याने पाणी ओतलं."

"कोमट होतं?"

"हो, आई."

आईने मान हलवली. तिच्या मांडीवर जावयाने सही करून दिलेली भेटप्रत होती. ती तिने दोन बोटांत धरली आणि खाली, खुर्चीच्या पायाशी, फरशीवर ठेवली. मग डोळे टिपायला डॉक्टरांनी सांगितलेला स्वच्छ रुमाल पर्समधून काढला. मुलीला वाटलं, आता ती रडणार.

आईने त्या रुमालाने बोटं पुसली. एकेक करून, नीट.