पातेलंभर कोमट पाणी

सून नगरपालिकेच्या पुनर्वापर केंद्रात शीतपेयांच्या उष्ट्या बाटल्या निवडते, हे सासऱ्यांच्या पचनी पडलं नव्हतं. त्यांनी तिच्याशी अबोलाच धरला होता. थंडीतल्या एके दिवशी तिनं चहा आणून दिला, तेव्हा तिची भेगाळलेली, चिकट बोटं त्यांना दिसली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते कोमट पाण्याचं पातेलं घेऊन दारात उभे राहिले. तेव्हापासून रोज ते तिच्या हातांवर पाणी ओतत आणि पातेलं रिकामं होईपर्यंत दोघं दिवसभराचं बोलून घेत. यंदा पालिकेनं केंद्राला निधी दिला, त्यातून गरम पाण्याचा नळ बसला. ती हात धुऊन घरी आली. सासरे पातेलं घेऊन उभेच होते. "आज हात धुतलेले दिसतात." "हो, केंद्रात नळ आलाय." "मग उद्यापासून हे नको?" त्यांनी हळूच विचारलं. "नळाशी काय बोलणार, बाबा?" तिनं ओंजळ पुढे केली.